इसबासाठी डॉक्टर निवडताना

इसब आणि नायटा दिसायला सारखे, औषधं मात्र उलटी. इसबावर चालणारी स्टिरॉइडची ट्यूब नायट्याला लावली की खाज चार दिवस थांबते आणि नायटा पसरत जातो. माझ्या आईच्या पोटरीवर रुपयाएवढा चट्टा होता. मेडिकलमधून मागून आणलेली ट्यूब तिनं दोन महिने लावली. चट्टा तळहाताएवढा झाला, कड लालभडक, मधली कातडी कागदासारखी पातळ.

म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञच गाठा. चिठ्ठीवर एमबीबीएसच्या पुढं त्वचारोगातली एमडी किंवा डीएनबी ही पदवी, नाहीतर डीडीव्हीएल ही पदविका, आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. जवळपास कुणी नसेल किंवा फी परवडत नसेल, तर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथली सरकारी मेडिकल कॉलेजं आहेतच.

चांगला डॉक्टर लांबून बघून चिठ्ठी लिहीत नाही. साबण कोणता, शेतात फवारणी करता का, सिमेंटमध्ये हात असतो का, घरात कुणाला दमा आहे का, हे विचारतो. शंका आली तर चट्ट्यावरचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. मलम किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं, हे स्वतःहून सांगतो.

‘मुळासकट घालवतो’ म्हणणाऱ्याकडं जाऊच नका. इसब बहुतेकदा अधूनमधून उठतं, ते आटोक्यात ठेवावं लागतं. नाव नसलेल्या पुड्याही घेऊ नका. आणि जाताना आधी वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या.