सेन्सर बदलण्याआधी फ्युएल ट्रिम बघा

गोव्यात डिचोलीला माझ्या गॅरेजात चेक लाइट पेटलेली पेट्रोल गाडी आली की गिऱ्हाईकच निदान सांगतं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा घाला." चवथीच्या तोंडावर तर सगळ्यांनाच घाई. पण स्कॅनरवर आकडे बघितल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

इंजिनात हवा किती गेली हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मॅप (इनटेकमधला दाब मोजणारा) किंवा मॅफ (आत जाणारी हवा मोजणारा) सेन्सरवरून काढतो आणि त्या मानाने इंजेक्टर उघडतो. गरम इंजिनाच्या आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, ई20 ला (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण 13.5 पट. हिशेब जुळला का, ते सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. त्याचं व्होल्टेज 0.1 ते 0.9 मध्ये सारखं नाचत राहिलं पाहिजे. खाली म्हणजे लीन (पेट्रोल कमी), वर म्हणजे रिच (पेट्रोल जास्त). त्यावर ईसीयू जेवढे टक्के पेट्रोल वाढवतो-घटवतो, तो फ्युएल ट्रिम.

आधी इंजिन पुरतं तापू द्या. थंड असताना ईसीयू या सेन्सरकडे बघतच नाही. एसी बंद करा. शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) आणि लाँग टर्म (ईसीयूने लक्षात ठेवलेली) ट्रिमची बेरीज घ्या, एकदा आयडलला, एकदा 2500 आरपीएमवर. अधिक-उणे 10 च्या आत असेल तर मिश्रणाची काळजी सोडा.

आयडलला अधिक 20 आणि रेस दिल्यावर उतरतो? हवा चोरवाटेने शिरतेय. इनटेकचा रबरी पाइप वाकवून बघा, भेग सरळ पाइपात दिसत नाही. (मॅपवाल्या गाडीत ट्रिमपेक्षा आयडलच चढतं.) उलट चोर्ला घाट चढताना आकडा वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर, प्रेशर तपासा. गाडी चालवताना स्कॅनर मात्र शेजारी बसलेल्याच्या हातात द्या.

किनाऱ्याकडच्या गाड्यांचं दुखणं निराळं. खारी हवा सायलेन्सरचा जोड खाते. सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला भोक पडलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर "लीन" म्हणतो. नवा घातलात तरी तोही तेच म्हणणार! पावसाळ्यानंतर कनेक्टरच्या पिनाही हिरव्या पडतात; बॅटरी सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

हे सगळं ठीक असेल, तर झटकन रेस देऊन सोडा. तरीही व्होल्टेज जागचं हललं नाही, तर सेन्सर मागवा, पार्ट नंबर जुळवून.