ओपन कॅरी की कन्सील्ड? अमेरिकेत पिस्तूल बाळगणाऱ्या मराठी घरांनी या चुका टाळा

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून हँडगन बाळगायला परवाना लागत नाही. कायद्याच्या मजकुरानुसार वय किमान एकवीस हवं आणि कायद्याने अपात्र ठरलेलं नसावं, एवढंच. होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, घालून चारचौघांना दिसेल अशी कमरेला लावा, नाहीतर शर्टाखाली झाका, दोन्ही चालतं. त्यामुळे ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडच्या मराठी घरात पहिलं पिस्तूल आलं की लगेच विचारणा सुरू होते: उघड लावू की लपवून?

माझं मत पक्कं आहे. शहरात, बायकामुलांबरोबर वावरताना झाकूनच. त्याची कारणं पुढे येतीलच, पण काही चुका या प्रश्नाच्याही आधी होतात आणि त्या जास्त महागात पडतात.

व्हिसा कुठला आहे हे न बघता पिस्तुलाला हात लावणं

एच-१बी, एच-४, एफ-१, बी-२ अशा बिगरस्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायला बंदी आहे. राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी ही बंदी उठत नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत होऊ शकते. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व असलेल्यांना ही अडचण नाही. अपवाद मोजके आहेत. त्यातला सगळ्यात वापरातला म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना.

भारतातून आलेले सासरे किंवा काका हौसेने म्हणतात, "एकदा रेंजवर घेऊन चल की." आपणही नेतो. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल दहा मिनिटं हातात धरणं हेसुद्धा बाळगणंच धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयात २०१९ मध्ये निकाल लागलेला रेहाइफ खटला अशाच गोष्टीतून उभा राहिला होता. नापास होऊन विद्यापीठाबाहेर पडलेला एक विद्यार्थी फ्लोरिडात रेंजवर नेमबाजीला गेला होता. पाहुण्यांना न्यायचंच असेल तर त्यांच्या नावाने आधी शिकार परवाना काढा, तो सोबत ठेवा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा.

घरातही हेच बघावं लागतं. पिस्तूल तुमच्या नावाने असलं तरी आई-वडील सहा महिने राहायला आले असतील, किंवा बायको अजून एच-४ वर असेल, तर तिजोरीचा कोड तुमच्यापाशीच ठेवा.

"परवाना लागत नाही ना, मग काढायचा कशाला?"

काढा. चाळीस डॉलर फी, एक वर्ग आणि ५० गोळ्यांची परीक्षा आहे. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून नेम धरायचा आणि सत्तर टक्के गुण मिळवायचे. थोडा सराव असलेला कुणीही पास होतो.

या परवान्याचा खरा उपयोग शाळेच्या परिसरात कळतो. केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांच्या आत बंदूक बाळगणं गुन्हा आहे. त्यातून सूट मिळते ती त्याच राज्याचा परवाना असलेल्याला, किंवा रिकामी बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवणाऱ्याला. उपनगरात हजार फुटांत शाळा लागणार नाही असा रस्ता शोधूनही सापडत नाही. परवान्याशिवाय भरलेलं पिस्तूल कमरेला लावून किराणा आणायला निघालेला माणूस राज्याच्या लेखी बिनचूक असतो, पण वाटेत केंद्राचा कायदा मोडून जातो. हे अनेकांच्या गावीही नसतं.

उघड लावलं की धाक बसतो, हा समज

धाक बसतही असेल कधी. पण ज्याच्या मनात वाईट आहे त्याला पिस्तूल कुठे आहे हेही त्याच वेळी कळतं. ऑरेगनमधल्या ग्रेशम गावात ऑक्टोबर २०१४ मध्ये एक तरुण नुकतंच घेतलेलं पिस्तूल उघड लावून रस्त्यावर उभा होता. दुसऱ्याने स्वतःचं पिस्तूल काढून त्याच्यावर रोखलं आणि त्याचं नवंकोरं पिस्तूल घेऊन तो चालता झाला. कमरेला लावलेलं काही कामी आलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या लोकांनी स्पष्ट बोलायला हवी. सुपरमार्केटमध्ये कमरेला पिस्तूल दिसलं की कुणीतरी ९११ ला फोन करतं. येणाऱ्या पोलिसाला फक्त "बंदूकवाला माणूस" एवढंच कळलेलं असतं. तुम्ही पंधरा वर्षं त्याच गल्लीत राहता हे त्याला माहीत नसतं. गव्हाळ रंगाच्या, दाढीवाल्या माणसाने हा धोका मनात धरूनच ठरवावं. एल पासोतल्या वॉलमार्टमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये तेवीस जणांचा बळी गेला. त्यानंतर वॉलमार्ट आणि क्रोगर दोघांनीही ग्राहकांना उघड शस्त्र घेऊन येऊ नका अशी विनंती केली. ती विनंती मोडून काय मिळवायचं?

स्वतःचं रानातलं घर, शिकारीची भाड्याची जमीन, रानडुकरांचा वावर असलेला ओढा इथे उघड लावणं सोयीचं आहे आणि मीही तेच सुचवेन. पण होल्स्टर नुसतं घट्ट असून भागत नाही. अंगठ्याने खटका दाबल्याशिवाय पिस्तूल सुटणार नाही असंच घ्या. बाजारात त्याला लेव्हल टू म्हणतात. टेक्सासमध्ये उघड दिसणारं पिस्तूल होल्स्टरमध्येच असावं लागतं. नेफ्यात खोचलेलं किंवा गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलेलं पिस्तूल बाहेरून दिसलं तर तो गुन्हा आहे.

झाकून लावताना होणाऱ्या चुका आणि त्यांचे उपाय

लोकांचा सगळ्यात जास्त त्रागा इथे होतो, आणि दोष बहुतेक वेळा पिस्तुलाचा नसतो. हजार डॉलर पिस्तुलावर खर्च करायचे आणि होल्स्टर पंधरा डॉलरचं मऊ नायलॉनचं घ्यायचं, तिथेच बिनसतं. होल्स्टर कडक हवं, कायडेक्स या प्लास्टिकसारखं. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकलेला हवा आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये. पट्टाही तसाच कडक घ्या. ऑफिसच्या पातळ पट्ट्यावर पाऊण-एक किलोचं वजन लोंबकळायला लागतं आणि दिवसभर पँट वर ओढत बसावं लागतं.

शर्टातून आकार दिसतो? कपड्यावर उठून दिसते ती नळी नव्हे, मूठ. म्हणून आखूड मुठीचं मॉडेल घेतलं तर फरक पडतो. ग्लॉक १७ च्या ऐवजी १९ किंवा २६ झाकायला सोपं आहे. उजव्या कमरेला मागच्या बाजूस लावत असाल तर होल्स्टर थोडं पुढे कलतं करा, म्हणजे मुठीचं टोक शर्टाला टेकत नाही. पोटाशी लावत असाल तर होल्स्टरला क्लॉ नावाचा छोटा पंख जोडून मिळतो, तो पट्ट्याला टेकून मूठ आत दाबतो. नळीकडच्या टोकाला फोमची पाचर लावली की वरचा भाग पोटाला चिकटतो आणि बसल्यावर टोचणंही कमी होतं. शर्ट एक माप मोठा घ्या, गडद किंवा चौकड्यांचा. एकरंगी पांढऱ्या टी-शर्टात सगळं दिसतं.

वाकताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसा. वरच्या फळीवरचा डबा काढताना हात वर गेला की शर्टही वर जातो, तेव्हा दुसऱ्या हाताने शर्ट धरा. आणि पिस्तूल जागेवर आहे का हे सारखं चाचपू नका. जाणत्या नजरेला तेवढं पुरतं.

सणासुदीच्या कपड्यांत हे गणित बदलतं. कुर्त्याला बाजूला चिरा असतात. बसलं किंवा वारा आला की नेमकी कमरेची बाजू उघडी पडते. शिवाय गुडघ्यापर्यंतचा कुर्ता एका हाताने वर घेऊन पिस्तूल काढणं जमत नाही, घरी रिकाम्या पिस्तुलाने करून बघा म्हणजे पटेल. नाडीच्या पायजम्यावर होल्स्टर राहतच नाही. कुर्ता घालायचाच असेल तर आखूड घाला, खाली जीन्स आणि पट्टा घाला. साडी नेसणाऱ्या बाईला उरते ती पर्स, आणि पर्समधल्या पिस्तुलाला माझा ठाम विरोध आहे. आयडाहोमधल्या हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये ३० डिसेंबर २०१४ रोजी दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि त्याच्या हातून गोळी सुटून आई जागीच गेली. ती पर्स खास शस्त्रासाठी वेगळा कप्पा असलेली होती. ज्या दिवशी अंगावर लावता येत नाही, त्या दिवशी पिस्तूल तिजोरीत राहू द्या.

पिस्तूल ओढलं की होल्स्टरसकट बाहेर येतं? क्लिप पट्ट्याला अडकलेली नाही, नुसती कापडाला धरून आहे. पट्ट्याच्या खालून आकडा घेणारी क्लिप लावा. पिस्तूल परत आत घालताना मात्र कसलीही घाई नको. जाकिटाची दोरी किंवा शर्टाची कड ट्रिगर गार्डमध्ये शिरली तर आत जाता जाताच गोळी सुटते. बोट बाहेर, कपडा दुसऱ्या हाताने वर, नजर होल्स्टरवर, आणि मग हळूच.

पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. पकडायच्या नादात बोट ट्रिगरवर जातं. डेन्व्हरच्या एका बारमध्ये जून २०१८ मध्ये नाचताना एफबीआयच्या एका एजंटचं पिस्तूल खाली पडलं. त्याने ते झटकन उचललं आणि गोळी सुटून एका ग्राहकाच्या पायात गेली. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाची ही गत. स्वच्छतागृहातही तेच. कागदाच्या डब्यावर किंवा आकड्याला पिस्तूल ठेवलं की ते तिथेच विसरतं. जानेवारी २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये तिथल्याच पोलिसाचं पिस्तूल स्वच्छतागृहात राहून गेलं होतं. होल्स्टरमधून काढूच नका, पट्टा गुडघ्यांच्या वर धरून ठेवा.

आणखी एक चूक सहसा लक्षात येत नाही. रात्री चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यातली, गोळी काढायची आणि सकाळी तीच परत भरायची. रोज तीच गोळी आदळून आदळून काडतुसात आत सरकते, आणि उडवताना दाब धोकादायक वाढतो. त्यापेक्षा पिस्तूल होल्स्टरसकट कमरेवरून उतरवा आणि तसंच तिजोरीत ठेवून कुलूप लावा. कुलूप लावायचंच, कारण सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर टेक्सासमध्ये पालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

पाटी न वाचता आत शिरणं

टेक्सासमध्ये दारावर ३०.०६ ची पाटी असेल तर परवानाधारकाने झाकून आत जायचं नाही. ३०.०७ असेल तर उघड लावून जायचं नाही. ३०.०५ बिनपरवान्याच्या माणसासाठी आहे. लाल रंगात ५१ असा आकडा दिसला तर ते मद्यालय आहे, तिथे काहीच चालत नाही. एकाच दारावर ३०.०७ आहे पण ३०.०६ नाही, असं पुष्कळ दुकानांत दिसतं. उघडपेक्षा झाकलेलं बरं म्हणण्याचं हेही एक व्यवहारी कारण.

महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव किंवा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असतो तेव्हा दारावर पाटी नसली तरी पिस्तूल न्यायचं नाही. शाळेची इमारत ही शाळेची इमारत, कार्यक्रम रविवारी असला तरी. बायोमेट्रिक्ससाठी किंवा मुलाखतीसाठी यूएससीआयएसच्या, म्हणजे व्हिसा-नागरिकत्व बघणाऱ्या खात्याच्या, कार्यालयात जाताना तेच, ती केंद्र सरकारची जागा आहे.

पोलिसाने गाडी थांबवल्यावर

मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये ६ जुलै २०१६ रोजी परवाना असलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाने जवळ बंदूक असल्याचं पोलिसाला स्वतः सांगितलं होतं. पुढच्या काही सेकंदांत त्याला गोळ्या लागल्या. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, परवाना आहे आणि पिस्तूल कुठल्या बाजूला आहे ते शांतपणे सांगा, आणि पोलीस सांगेपर्यंत कशालाही हात घालू नका. पाकीट पिस्तुलाच्या बाजूच्या खिशात कधीच ठेवू नका. टेक्सासमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितलं की जवळ पिस्तूल असलेल्या परवानाधारकाने परवानाही दाखवावा लागतो. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात तर न विचारता आधी सांगावं लागतं.

राज्याची हद्द आणि विमानतळ

एडिसनला बहिणीकडे गाडीने निघालात तर टेक्सासचा परवाना न्यू जर्सीत चालत नाही, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियातही नाही. फिलाडेल्फियाच्या एका आईने २०१३ मध्ये न्यू जर्सीच्या पोलिसाला प्रामाणिकपणे आपला पेनसिल्व्हेनियाचा परवाना दाखवला आणि तिला अटक झाली. काही वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर होती, ती २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिल्यावर टळली. कायदे बदलतही राहतात. फ्लोरिडात उघड बाळगायला बंदी होती, ती सप्टेंबर २०२५ मध्ये अपील न्यायालयाने मोडीत काढली. म्हणून दर प्रवासाआधी त्या त्या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा.

विमानतळांच्या तपासणीत २०२४ मध्ये ६,६७८ बंदुका हातातल्या सामानात सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक भरलेल्या होत्या. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, बॅगेत आहे हे विसरलो. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरली की हेच होतं. आणि त्या बॅगेच्या अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस अमेरिकेत निसटलं, तरी परतताना मुंबई विमानतळावर सापडू शकतं. तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. काडतूस असल्याची जाणीवच नव्हती म्हणून न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर सुट्टी संपलेली असते आणि वकील लावावा लागतो. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या, ती भारतात जाणाऱ्या सामानात कधीच घालू नका, आणि जाकिटाचे व कार्गो पँटचे खिसे निघायच्या आदल्या रात्री उलटे करून बघा.