चढउताराच्या सीझनचे माप कसे घ्यावे: ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा आठवा सीझन

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या राजगादीसाठीच्या लढायांवरील कल्पनारम्य इंग्रजी टीव्ही मालिकेचा आठवा आणि शेवटचा सीझन पुन्हा पाहून स्वतःचे मत ठरवू इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे, ज्यांनी शेवट पाहिलेला नाही, त्यांनी आधी तो पाहावा. २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही काही मित्र बेळगावात दर सोमवारी सकाळी साडेसहाला नवा भाग पाहत होतो आणि कामावर जाण्यापूर्वी ‘सगळा बिघडवला’ किंवा ‘काय भारी केलाय’ असा एक निकाल देऊन मोकळे होत होतो. दोन्ही निकाल घाईचे होते, कारण या सहा भागांचा कस सारखा नाही आणि त्यांचे माप भागागणिक, कित्येकदा प्रसंगागणिक घ्यावे लागते.

सर्वप्रथम पाहण्याची जागा नीट करावी. तिसरा भाग ८२ मिनिटांचा असून त्यातील मृतांच्या फौजेशी अंधाऱ्या रात्री होणाऱ्या लढाईचे चित्रीकरण ५५ रात्री चालले होते. आमच्या शहापुरातल्या कौलारू घरात माजघराच्या छपराला काचेचे कौल आहे. त्यातून येणारा सकाळचा उजेड थेट टीव्हीवर पडला आणि मृतांच्या फौजेऐवजी मला समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर दिसत राहिले. पुढे रात्री दिवे मालवून, चित्राचा दर्जा सर्वांत वरचा ठेवून आणि टीव्हीची भडक रंगांची सोय बंद करून तोच भाग पाहिला, तेव्हा डोथ्राकी या भटक्या जमातीच्या घोडेस्वारांची पेटलेली पाती दूर अंधारात एकामागून एक विझत जाताना दिसली. संपूर्ण मालिकेत मला याहून भेदक दृश्य आठवत नाही. इंटरनेट मंद असेल तर काळोखाचे ठोकळे होतात, म्हणून भाग आधी उतरवून घ्यावा.

अंधाराचा दोष असा वेगळा काढला की खरा दोष दिसतो. दगडफेकीची यंत्रे खंदकाच्या आत, पायदळाच्या पाठीशी असायला हवी होती. ती बाहेर, पायदळाच्याही पुढे मांडलेली आहेत. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी आमच्याकडची मुलेसुद्धा तोफ तटाबाहेर ठेवत नाहीत. चौथ्या भागात राजगादीवर हक्क सांगणारी डेनेरिस ड्रॅगनवर बसून आकाशात असताना तिचा शत्रू युरॉन याचे आरमार तिला दिसत नाही, हेही तसेच. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहिले तरी चहूकडची शिवारे नजरेत येतात. तिच्यासमोर तर मोकळा समुद्र होता. अशा ठिकाणी पात्राची चूक दाखवायची आहे की लेखकाची सोय झाली आहे, हे स्वतःला विचारावे.

यानंतर वहीच्या पानाचे दोन रकाने करावेत. एकात घडलेली गोष्ट लिहावी आणि दुसऱ्यात तिची पेरणी आधीच्या कोणत्या सीझनमध्ये झाली ते लिहावे. दुसऱ्या भागात शेकोटीजवळ सरदार जेमी हा ब्रिएन या लढवय्या स्त्रीला गुडघ्यावर बसवून नाइट करतो, म्हणजे योद्ध्याचा मानाचा किताब देतो. तलवार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, ब्रिएन उठते, तिच्यावर भाळलेला टॉर्मंड टाळ्या वाजवतो आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटते. या हसण्याची पेरणी २०१३ च्या तिसऱ्या सीझनमधील स्नानगृहाच्या प्रसंगात आणि चौथ्या सीझनमध्ये जेमीने तिला दिलेल्या तलवारीत आहे, म्हणूनच फारसे काही न घडताही डोळे भरून येतात.

डेनेरिस राजधानीचे शहर जाळते त्या पाचव्या भागासाठी मात्र हा रकाना सावकाश भरावा. पेरणी नव्हती असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मीरीन हे शहर जिंकल्यावर तिने तिथल्या १६३ गुलाममालक धनिकांना खांबांवर खिळवले होते आणि सातव्या सीझनमध्ये शरण न आलेल्या टार्ली पितापुत्रांना जाळले होते. बीज होते, पण ते वाढायला वेळ दिला नाही: तिची जिवलग सखी मिसान्डे हिचा शिरच्छेद चौथ्या भागाच्या अखेरीस होतो आणि पुढच्याच भागात, शरणागतीच्या घंटा वाजल्यावरही, सारे शहर पेटते. पहिल्या सहा सीझनांना प्रत्येकी दहा भाग मिळाले, सातव्याला सात आणि आठव्याला सहाच. शेवटचे चार भाग सव्वा तासाहून मोठे असले, तरी दोन भागांच्या मध्ये पात्रांना जो दम घेता येतो तो लांबी वाढवून मिळत नाही. शिवाय मूळ कादंबरीमालेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला होता आणि मालिका संपेपर्यंत सहावा आला नव्हता, त्यामुळे शेवटाकडे नेणारी वाट मालिकेच्या लेखकांनी स्वतःच आखली.

या सीझनला मिळालेली १२ एमी पारितोषिके (अमेरिकेतील टीव्ही पुरस्कार) किंवा तो पुन्हा लिहावा म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी केलेल्या सह्या वहीत घेऊ नयेत. त्यांतून कोणता प्रसंग का फसला, हे कळत नाही.

शेवटी प्रत्येक भागासमोर एकच वाक्य लिहावे आणि महिनाभराने ते पुन्हा वाचावे. माझ्या वहीत दुसऱ्या भागापुढचे वाक्य तसेच राहिले, चौथ्यापुढचे अधिक कठोर झाले आणि पाचव्यापुढे लिहिलेले ‘चुकीचे’ खोडून मी ‘अपुरे’ असे लिहिले.