डिस्कवरून डिलीट झालेले फोटो परत मिळवताना

फोटोंचा फोल्डर रिसायकल बिनमध्येही सापडेना, तेव्हा त्या डिस्कवर नवे काहीही लिहिले जाणार नाही याची काळजी मी सर्वांत आधी घेतली. कारण फाइल डिलीट झाली तरी सहसा तिची नोंदच जाते आणि आतील माहिती त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तशीच राहते. म्हणून ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोरेक हा मोफत प्रोग्राम तिथून चालवला. हा प्रोग्राम फाइलींच्या यादीवर विसंबत नाही. तो डिस्कवरील बाइट वाचत जातो आणि ‘एफएफ डी८ एफएफ’ अशी सुरुवात दिसली की तिथे जेपेग फोटो असावा असे ओळखतो. सापडलेल्या फाइली मात्र वेगळ्याच डिस्कवर साठवाव्यात.

बहुतेक फोटो मिळाले, पण मूळ नावे गेली होती, आणि डिस्कवर तुकड्यांत विखुरलेले काही फोटो अर्ध्यापासून खाली नुसते करडे दिसत होते. फोटोतच नोंदलेल्या एक्झिफ तारखेवरून (एक्झिफ म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलीत लिहून ठेवतो ती माहिती) एक्झिफटूल या प्रोग्रामने नवी नावे दिली, तेव्हा कुठे क्रम लागला. माझी डिस्क फिरत्या तबकडीची होती; एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, ट्रिम (डिलीट झालेल्या फाइलींची जागा आता वापरात नाही असे डिस्कला कळवणारी सोय) चालू असल्यास या उपायाचा सहसा उपयोग होत नाही.