मोटरहोम भाड्याने घेताय? आधी टाक्या समजून घ्या

जून-जुलैत भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत मोटरहोमचा बेत ठरतो. यलोस्टोन, ग्रँड टिटॉन, जमलं तर ग्लेशियर नॅशनल पार्क. सगळं कुटुंब एका गाडीत, घरचं जेवण, आजी-आजोबांना दर रात्री तोच पलंग. बेत उत्तमच आहे. पण त्यासाठी मिळणारे सल्ले बहुतेक रस्त्याचे आणि सामानाच्या यादीचे असतात. रस्ता फोन दाखवतो, राहिलेलं सामान वाटेतल्या कुठल्याही दुकानात मिळतं. सहलीचा विचका होतो तो सांडपाण्याच्या टाकीमुळे, आणि नेमकं तेच कोणी नीट सांगत नाही.

गाडी निवडताना

झोपायच्या जागा मोजू नका, सीटबेल्ट मोजा. सात जण झोपू शकतात अशा गाडीत पट्टे कधी कधी पाचच असतात. मुलाची कारसीट पुढे तोंड असलेल्या सीटवरच लावा, आडव्या किंवा उलट्या सीटवर नाही. चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर कोणीही झोपायचं नाही. मुक्कामाला माळा मुलांना द्या आणि मागचा पलंग आजी-आजोबांना, म्हणजे शिडी चढायला नको आणि बाथरूम दोन पावलांवर.

पाच-सहा जणांना २५ ते २८ फुटी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या वर माळा असलेली मोटरहोम, पुरते. ग्लेशियर करणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत हवी: गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हलांच क्रीक ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला मनाई आहे. तिथे मोटरहोम खाली ठेवून दुसऱ्या वाहनाची सोय करावी लागते.

मुक्काम ठरवताना

दर तिसरी रात्र फुल हूकअपची ठेवा, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्हींची जोडणी असलेल्या जागेची. यलोस्टोनच्या आत अशी जागा एकच आहे, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क, आणि तिचं आरक्षण फार लवकर संपतं. मॅडिसन, ग्रँट व्हिलेज, कॅन्यन या आतल्या कॅम्पग्राउंडवर जोडण्या नाहीत, आणि जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालवता येतो. सगळ्या रात्री आतच हव्यात असा हट्ट धरू नका. एखादी रात्र पार्कबाहेर वेस्ट यलोस्टोन गावात फुल हूकअपवर काढली की टाक्या रिकाम्या होतात आणि सगळ्यांच्या अंघोळी मोकळेपणी होतात.

टाक्या

मोटरहोमला तीन टाक्या असतात. ताज्या पाण्याची, साधारण ४० गॅलन म्हणजे १५० लिटर. बेसिन आणि शॉवरच्या पाण्याची ग्रे टँक. संडासाची ब्लॅक टँक. या दोन्ही साधारण ३०-३० गॅलनच्या, म्हणजे ११०-११५ लिटरच्या. गाडी घेताना नेमके आकडे विचारून लिहून ठेवा.

आता आपल्या घराचा हिशोब करा. आपण पाणी वापरतो, नुसता कागद नाही. पाच माणसं, दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी फ्लश आणि मगातलं पाणी मिळून दोन-अडीच लिटर. दिवसाला ५० लिटर झाले. म्हणजे ब्लॅक टँक दोन दिवसांत भरते. कागद वापरणाऱ्या दोन माणसांनी दिलेला ‘आठवडाभर बघावं लागत नाही’ हा सल्ला आपल्याला लागू नाही. पण याची दुसरी बाजू आपल्या फायद्याची आहे: भरपूर पाण्यामुळे टाकीत काही चिकटत नाही. कागद कमी, पाणी जास्त, ही आपली सवय ब्लॅक टँकसाठी सगळ्यात चांगली. आजी-आजोबांना मगाने पाणी वापरायला संकोच वाटू देऊ नका.

अंघोळीलाही तेच. शॉवर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी ओततो, आणि गीझर असतो साधारण सहा गॅलनचा. घडीची बादली आणि मग घेतला तर दहा लिटरांत अंघोळ होते आणि रांगेतल्या पुढच्याला गरम पाणी उरतं.

ग्रे टँक खराब होते ती स्वयंपाकामुळे. चहाचा चोथा, कढीपत्ता, डाळ-भाताची शितं, फोडणीचं तेल हे सगळं टाकीत साठतं, कुजतं, आणि त्याचा वास ब्लॅक टँकपेक्षाही वाईट येतो. बेसिनमध्ये बारीक जाळी ठेवा. ताटं-कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा. तेल बेसिनमध्ये अजिबात ओतू नका.

टाकी रिकामी करणे: इथेच चुकतं

सगळ्यात घातक सल्ला हा: फुल हूकअपवर आहात, तर ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, आपोआप वाहून जाईल. कधीही करू नका. पाणी वाहून जातं, मैला मागे राहतो, वाळतो, आणि संडासाच्या बरोबर खाली त्याचा घट्ट ढीग होतो. मग तो काढायला पैसे मोजून माणूस बोलवावा लागतो. ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच असला पाहिजे. टाकी दोन-तृतीयांश तरी भरू द्या आणि मगच एकदम उघडा. आतलं सगळं ओढून नेण्याएवढा जोर तेवढ्या पाण्यालाच असतो.

टाकी किती भरली हे भिंतीवरच्या दिव्यांवरून ठरवू नका. सेन्सरला कागदाचा तुकडा चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. संडासाचं पेडल दाबा, टॉर्च मारा, डोळ्यांनी बघा.

साहित्य: डिस्पोजेबल हातमोज्यांचं अख्खं खोकं, तीन इंची सांडपाण्याचा पाइप, त्याच्या टोकाला पारदर्शक एल्बो, म्हणजे आतलं पाणी दिसेल असा वाकडा जोड. गाडीसोबत आलेला पाइप ताब्यात घेतानाच पूर्ण ताणून उजेडात धरा. घड्यांवर टाचणीएवढी भोकं असतील तर तिथल्या तिथे बदलून मागा.

क्रम असा, आणि तो बदलायचा नाही:

१. हातमोजे घाला. दोन्ही टाक्यांच्या व्हॉल्व्हच्या मुठी पूर्ण आत ढकललेल्या, म्हणजे बंद, आहेत ना, हे हाताने ढकलून खात्री करा. नुसतं बघू नका.

२. गाडीच्या सांडपाण्याच्या तोंडाखाली बादली धरा आणि मगच झाकण फिरवा. व्हॉल्व्हला थोडी गळती असेल तर झाकणामागे पाणी साठलेलं असतं, ते पायावर येतं.

३. पाइप गाडीच्या तोंडाला लावून फिरवा. चारही आकड्या बसल्या पाहिजेत. दोनच बसल्या तरी पाइप जागेवर राहतो आणि बरोबर बसल्यासारखा वाटतो, पण पहिल्या झोताला निसटतो. दोन्ही हातांनी ओढून बघा.

४. दुसरं टोक जमिनीतल्या छिद्रात घट्ट घाला आणि त्यावर जड दगड ठेवा. पहिल्या झोताला हे टोक उसळून बाहेर येतं. डंप स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागेवर) होणाऱ्या घाणीचं हे नेहमीचं कारण आहे. पाइपला उतार गाडीकडून छिद्राकडे हवा, मध्ये झोळ नको.

५. आधी ब्लॅक. मूठ एका दमात पूर्ण ओढा, अर्धवट नाही. आवाज थांबेपर्यंत थांबा. मग एल्बोतून बघत घरातल्या कोणाला तरी संडासात दोन-तीन बादल्या पाणी ओतायला सांगा. येणारं पाणी स्वच्छ दिसलं की मूठ बंद.

६. मग ग्रे. साबणाचं पाणी पाइप आतून धुऊन काढतं, म्हणून हा क्रम. त्यासाठी ग्रे टँकही आदल्या दिवसापासून बंद ठेवून साठवलेली हवी. उलट केलंत तर पाइप मैल्याने भरलेला राहतो आणि तो तसाच गुंडाळून ठेवावा लागतो.

७. दोन्ही मुठी बंद. आधी गाडीकडचं टोक सोडा, उंच धरा आणि पाणी छिद्राकडे उतरवत चला. मग तिथल्या नळाने पाइप धुवा. त्या नळावर ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी असते. तुमची पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी या नळाला कधीच लावू नका आणि सांडपाण्याच्या पाइपाच्या कप्प्यात ठेवू नका.

८. झाकण लावा, हातमोजे उलटे काढून टाका, हात साबणाने धुवा.

९. संडासातून ब्लॅक टँकमध्ये १५ लिटर पाणी आणि टाकीसाठी मिळणाऱ्या रसायनाची एक पुडी सोडा. ही पायरी लोक हमखास विसरतात. कोरड्या तळावर पडलेलं पहिलं काही चिकटलं की पुढचं सगळं त्याला चिकटत जातं.

बाकी दोन गोष्टी. ‘फ्लश करता येतात’ असं पाकिटावर लिहिलेले ओले वाइप्स फ्लश करायचे नाहीत, ते टाकीत विरघळत नाहीत. आणि टाकीत बर्फ टाकून गाडी चालवली की ती घासून निघते, असं सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. बर्फ तळ घासायच्या आधीच वितळतो. रस्त्याकडेला किंवा गटारात टाकी सोडणं बेकायदा आहे, आणि त्या रस्त्यावरून इतरांची मुलंही चालतात.

पाणी आणि वीज

पाण्याची दोन तोंडं असतात. टाकी भरायची असेल तर टाकीच्या तोंडातून भरा. ‘सिटी वॉटर’ला नळी लावली तर नळाला पाणी येतं, टाकी मात्र कोरडीच राहते, आणि ते दुसऱ्या दिवशी जंगलात कळतं. सिटी वॉटरला लावताना मध्ये प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे पाण्याचा दाब कमी करणारा जोड, हवाच.

गाडीची वायर लावण्याआधी मुक्कामाच्या जागेवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद करा. बहुतेक भाड्याच्या गाड्या ३० अँपिअरच्या. एसी १३, मायक्रोवेव्ह १३, किटली साडेबारा, सहा क्वार्टचा इलेक्ट्रिक कुकर आठ-नऊ. एसी आणि आणखी एकच मोठी वस्तू, एवढंच झेपतं. चहा गॅसवर करा, एसी चालू राहू द्या.

यलोस्टोन लेक परिसर साडेसात हजार फुटांच्या वर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायला फार वेळ लागतो. कुकर घरून न्या आणि दोन शिट्ट्या जास्त घ्या. फोडणी देताना आधी छतावरचा व्हेंट उघडा आणि पंखा लावा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. गाडीत गॅस आहे आणि सगळे तिथेच झोपतात.

चालवताना

गाडीच्या उंचीचा आकडा चिकटपट्टीवर लिहून डॅशबोर्डला लावा. वळताना मागचा भाग उलट्या दिशेला बाहेर फिरतो. पेट्रोल पंपावरून निघताना थोडं सरळ पुढे जा आणि मग वळा, नाहीतर मागचा कोपरा खांबाला घासतो. घाटात उतरताना टो-हॉल बटण दाबून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय धरून ठेवू नका. दिवसाला २५० मैलांपेक्षा जास्त नको.

निघण्याआधी एकाच माणसाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची: पायरी आत, व्हेंट बंद, वायर आणि नळी सुटलेली, सांडपाण्याचं झाकण घट्ट, कपाटांच्या कड्या लागलेल्या. दोघांनी वाटून घेतलं की एकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं.

परत देताना

शेवटची रात्र कंपनीच्या जवळच्या फुल हूकअप जागेवर घ्या आणि सकाळी तिथेच टाक्या रिकाम्या करा. परतीच्या दिवशी डंप स्टेशन शोधत फिरू नका. रांग असते आणि उशिराचे पैसे वेगळे लागतात. पेट्रोल भरा, प्रोपेन करारात लिहिलं असेल तर तेही. दोन्ही मुठी आत, झाकण लावलेलं, पेडल दाबून टॉर्चच्या उजेडात दिसणारी रिकामी टाकी, एवढे तीन फोटो काढा आणि मग किल्ली द्या.