रेंज गेली तरी जीपीएस चालतं

जीपीएस थेट उपग्रहांचे सिग्नल पकडतं, त्याला मोबाइल नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागतं ते नकाशासाठी. म्हणून डोंगरात जाण्याआधी ऑरगॅनिक मॅप्ससारख्या अ‍ॅपमध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा, समोच्च रेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा) थर चालू करा आणि घरीच एरोप्लेन मोड लावून पाहा: झूम केल्यावर पायवाटा, ओढे दिसतात ना?

रेषा दाटीवाटीने आल्या की चढ उभा. नकाशावर अर्धा किलोमीटर दिसणारी वाट तिथे चांगलाच दम काढते, त्यामुळे नुसत्या अंतरावर वेळ ठरवू नका.

चालतानाही एरोप्लेन मोडच ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी फार जाते. सुरुवातीला मात्र मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं थांबा, नेटवर्कशिवाय पहिलं स्थान सापडायला वेळ लागतो. आणि कागदी नकाशा पिशवीत हवाच.