महागडी जुनी स्कॉच उघडताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये हल्ली कुणा ना कुणाच्या कपाटात एक १८ वर्षांची बाटली असतेच. दुबईच्या जावयाने आणलेली, नाहीतर निवृत्तीला मित्रांनी वर्गणी काढून दिलेली. ती उघडते कधी? शनिवारी रात्री, सुरमई फ्राय आणि लसूण शेव संपल्यावर, तिसरा पेग म्हणून, बर्फ टाकून आणि सोडा ओतून. मग कुणीतरी विचारतो, "एवढे पैसे कशाचे घेतात रे?" प्रश्न अगदी रास्त आहे, फक्त चुकीच्या वेळी विचारलाय.

महागडी बाटली आधी, चकना नंतर. तिखट-तळकटाने जीभ एकदा बधिर झाली की जुन्या व्हिस्कीतले बारकावे कळणं संपलं. बर्फाने तर वासच दबतो. आणि हो, तिन्हीसांजेची उदबत्ती त्याच खोलीत लावली असेल तर ग्लासात चंदनच सापडेल.

रुंद तोंडाचा ग्लास नको, वास उडून जातो. ट्युलिपच्या आकाराचा किंवा छोटा वाइन ग्लास चालेल. त्यात २०-३० मिली घ्या आणि दहा मिनिटं हात लावू नका. हुंगताना नाक आत खुपसलंत तर झोंबणारच. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा. पहिला घोट चव ठरवायला नाही, जीभ सरावायला. मग थेंब-थेंब पाणी. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायाकोल हा धुरकट वासाचा घटक पृष्ठभागाकडे सरकतो. पाणी नळाचं नको, क्लोरीन लगेच जाणवतो.

वयाचा आकडा म्हणजे चव नव्हे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. लेबलवरचं वय बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं, आणि ते मोजतात फक्त लाकडी पिंपातलं. बाटलीत भरल्यावर वय थांबतं. सासऱ्यांनी १९९५ साली आणलेली १२ वर्षांची बाटली आजही १२ वर्षांचीच आहे. ज्या जॉनी वॉकर ब्लू लेबलचं आपल्याकडे एवढं कौतुक, तिच्यावर वयाचा आकडाच नसतो.

मग २५ वर्षांची एवढी महाग का? स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण २ टक्के दारू दरवर्षी हवेत उडते. २५ वर्षांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. शिवाय तेवढी वर्षं भांडवल अडकलेलं, पिंप गोदामात. तुम्ही पैसे मोजता ते या दुर्मीळपणाचे. चव त्याच पटीत वाढत नाही, कधीकधी उलट होतं. ताज्या, जोरकस पिंपात माल फार काळ राहिला की लाकूडच बोलतं आणि जिभेवर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा राहतो. महाग आहे म्हणून त्याला "कॉम्प्लेक्स" म्हणायची गरज नाही. माझ्या मते बहुतेकांना एका डिस्टिलरीची १५ ते १८ वर्षांची बाटली पैसे वसूल वाटते, त्यापुढे हौसेचा मामला.

खात्री करायची तर घरच्यांना सांगा, "१२ आणि १८ वर्षांची वेगवेगळ्या ग्लासांत ओता, ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या लावा आणि कोणती कुठली ते आम्हाला सांगू नका." किंमत माहीत नसताना कोणता ग्लास आधी रिकामा होतो ते बघा. रंगावर जाऊ नका, स्कॉचमध्ये कॅरमेल रंग घालायला कायद्याने मुभा आहे.

भाव ताडताना मिलीचा हिशेब करा. ड्युटी फ्रीतली बाटली बऱ्याचदा १ लिटरची किंवा ७०० मिलीची असते, दुकानातली ७५०ची. अल्कोहोलचं प्रमाणही बघा, ४० आणि ४६ टक्क्यांत फरक पडतो.

बिघडली की काय?

पाणी घातल्यावर गढूळ झाली? बिघाड नाही. चिल फिल्टर न केलेल्या, म्हणजे थंड करून तेलकट घटक गाळून न काढलेल्या व्हिस्कीत असं होतं. काडेपेटीसारखा वास आला तर शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातलं गंधक असू शकतं, वीस मिनिटं ग्लास ठेवून पुन्हा हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाचा दोष, तो जात नाही.

बूच तुटून आत पडलं तर घाबरू नका, कॉफीच्या फिल्टरमधून गाळा आणि संपलेल्या बाटलीचं धुतलेलं बूच लावा. बाटली आडवी ठेवू नका, कडक अल्कोहोल बूच खातं. आपल्या मे महिन्यात माळ्यावर तर नकोच, अंधारं, थंड कपाट बघा. निम्म्याहून कमी उरली तर छोट्या बाटलीत भरा, नाहीतर हवेने चव उतरते.

गुंतवणूक म्हणून घेत असाल तर एक लक्षात ठेवा, महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकणं हा गुन्हा आहे. "ओळखीतून" अर्ध्या किमतीत मिळणारी बाटली म्हणूनच नको. महागड्या रिकाम्या बाटल्यांना आणि खोक्यांना भंगारात वेगळा भाव येतो, त्यात काय भरतात ते सांगायला नको. आपली संपली की लेबल खरवडा, खोका फाडा, मगच भंगारवाल्याला द्या.